आगकाडीचें मोल

देवघरांतील समई लावावयाची असो, चूल पेटवावयाची असो, कीं वीज गेली असतां मेणबत्ती लावावयाची असो, काडेपेटीकडे हात गेल्यावांचून गृहस्थाचें चालत नाहीं. काडी ओढावी, ज्योत निघावी, काम होतांच ती फेंकून द्यावी. एवढ्या अवधींत त्या काडीचा विचार करण्यास सवड कोणास असते? परंतु दीडशें वर्षांपूर्वीं युरोपांत जी काडी अशाच सहजतेनें ओढली जात असे, तिच्या टोंकावरील गुलापायीं कित्येक तरुण स्त्रीपुरुषांचे जबडे कुजून गेले, आणि कित्येकांना प्राणांस मुकावें लागलें. त्या गुलांत पांढरा फॉस्फरस असे. हा पदार्थ हवेंत आपोआप पेटतो, कातडीस लागला तर ती खोलवर जाळतो, पोटांत गेला तर विष होतो, आणि वाफेच्या रूपानें शरीरांत शिरला तर हाडें खातो. हे सर्व गुण मनुष्यास लवकरच कळले होते. ते कळल्यावर शहाणपणानें वागण्यास मात्र त्याला फार वर्षें लागलीं. आगकाडीच्या इतिहासाचा बोध यांतच आहे.

काडी येण्यापूर्वीं अग्नि मिळविणें ही सोपी गोष्ट नव्हती. गारेवर पोलादाचा तुकडा आपटावा, उडालेली ठिणगी कापसावर अथवा जळक्या चिंधीवर झेलावी, आणि हळूहळू फुंकर घालून ती वाढवावी, असा चकमकीचा खटाटोप असे. आपल्या खेड्यापाड्यांतून रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं पुरून ठेवीत, आणि सकाळीं तो विझलेला निघाला तर शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव आणीत. युरोपांतील सामान्य घरांची स्थितिही फारशी निराळी नव्हती. म्हणून, नुसत्या घर्षणानें पेट घेणारी काडी हातीं आली तेव्हां ती लोकांस वरदानासारखी वाटली यांत नवल नाहीं.

ज्या पदार्थानें हें वरदान घडविलें त्याचा शोध सोन्याच्या लोभांतून लागला. इ. स. १६६९ च्या सुमारास जर्मनींतील हँबुर्ग शहरीं हेनिंग ब्रांट नांवाचा एक व्यापारी किमयेच्या नादीं लागला होता. हिणकस धातूंचें सोनें करणारा परीस आपणांस मिळावा ही त्याची इच्छा. तो परीस मानवी मूत्रांत सांपडेल अशा समजुतीनें त्यानें पुष्कळ मूत्र सांठविलें, तें आटविलें, आणि उरलेला सांका प्रखर आंचेवर तापविला. सोनें निघालें नाहीं. मेणासारखा मऊ असा एक पदार्थ मात्र निघाला, आणि तो अंधारांत हिरवट प्रकाशानें चमकूं लागला. ग्रीक लोक पहांटेच्या शुक्रताऱ्यास 'फॉस्फोरोस', म्हणजे प्रकाश आणणारा, असें म्हणत. तेंच नांव या नव्या पदार्थास मिळालें.

ब्रांटनें आपली कृति गुप्त ठेवली आणि पुढें ती पैसे घेऊन विकली. दानिएल क्राफ्ट नांवाच्या गृहस्थानें हा चमकणारा पदार्थ राजदरबारांतून मिरविला, आणि १६७७ सालीं तो लंडनमध्यें रॉबर्ट बॉइल या थोर शास्त्रज्ञास दाखविला. बॉइलनें १६८० सालीं तो स्वतः तयार केला. गंधक लावलेली काडी फॉस्फरसवर घासली कीं पेट घेते, हेंही त्याच सुमारास दिसून आलें. परंतु द्रव्य इतकें महाग होतें कीं त्याची काडी बनविण्याचा विचार कोणाच्या मनांत येणें शक्य नव्हतें. बॉइलचा साहाय्यक अँब्रोझ गॉडफ्री यानें पुढें लंडनमध्यें फॉस्फरस तयार करून विकला आणि त्यावर चांगली कमाई केली. १७६९ ते १७७१ च्या दरम्यान गान आणि शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनीं हाडांत फॉस्फरस असतो हें दाखविलें, व हाडांच्या राखेपासून तो काढण्याची रीत बसविली. तेव्हांपासून तो हळूहळू स्वस्त होऊं लागला. मनुष्याच्या हाडांत जो पदार्थ निसर्गानें निरुपद्रवी संयुगाच्या रूपानें सांठवून ठेविला आहे, तोच मोकळा झाला म्हणजे हाडांचा वैरी बनतो, ही गोष्ट कळण्यास मात्र आणखी पाऊणशें वर्षें जावयाचीं होतीं.

पुढील हकीकत समजण्यासाठीं या पदार्थाचा स्वभाव थोडक्यांत पाहिला पाहिजे. पांढऱ्या फॉस्फरसच्या कणांत चार चार अणु एकमेकांस त्रिकोणी मनोऱ्याच्या आकारांत जखडलेले असतात. ही जखडण फार ताणाची असल्यामुळें हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावण्यास ते अतिशय उतावीळ असतात. ४४ अंश सेंटिग्रेडवर तो वितळतो. दमट हवेंत तर सुमारें ३० अंशांवर, म्हणजे मुंबईच्या साध्या दुपारींही, पेटूं शकतो. म्हणून तो नेहमीं पाण्याखालीं ठेवावा लागतो, आणि तुकडा तोडावयाचा असल्यास तोही पाण्याखालींच तोडावा लागतो. तो जळला म्हणजे दाट पांढरा धूर निघतो. हा धूर हवेंतील अथवा अंगांतील ओलावा शोषून फॉस्फरिक आम्ल बनतो आणि डोळे, घसा व फुप्फुसें पोळतो. कातडीवर पडलेला कण एकाच वेळीं अग्नीनें आणि आम्लानें जाळतो. पाणी ओतल्यास विझतो, परंतु कोरडा पडतांच पुन्हां पेटतो. पोटांत गेल्यास गुंजभर वजनही प्राणघातक ठरतें.

घर्षणानें पेटणारी पहिली यशस्वी काडी मात्र फॉस्फरसची नव्हती. इंग्लंडांतील स्टॉक्टन गांवचा औषधविक्रेता जॉन वॉकर यानें १८२६ सालीं अँटिमनी सल्फाइड व पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणाची काडी केली, आणि १८२७ च्या एप्रिलपासून ती तो विकूं लागला. त्यानें तिचें पेटंट घेतलें नाहीं. ही काडी खरकागदाच्या घडींत दाबून ओढावी लागे. ती कधीं पेटे, कधीं न पेटे, आणि पेटली म्हणजे ठिणग्या उडवी. १८३१ च्या सुमारास शार्ल सोरिया या फ्रेंच विद्यार्थ्यानें गुलांत पांढरा फॉस्फरस मिसळला, आणि अडचण दूर झाली. ही काडी भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कोठेंही ओढावी आणि पेटावी. दोनतीन वर्षांच्या आंत जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत तिचे कारखाने निघाले. आग ही वस्तु प्रथमच गरिबाच्या खिशांत आली.

तिच्याबरोबर अनर्थही घरांत आला. काड्या खिशांत घासून कपडे पेटले, कोठारें जळालीं, आणि मुलें गुल चोखून मेलीं. परंतु घरांतील या अपघातांहून भयंकर प्रकार कारखान्यांत घडत होता. तेथील काम वरवर पाहतां सोपें असे. लांकडाच्या बारीक काड्या चौकटींत बसवीत. सरस, क्लोरेट व फॉस्फरस यांची लापशी ऊन ठेवलेल्या लाद्यांवर पसरीत. काड्यांचीं टोंकें तींत बुडवीत, त्या वाळवीत, आणि मग पेट्यांत भरीत. भरण्याचें काम बहुधा स्त्रिया व मुलें करीत. ऊन लापशींतून आणि ओल्या गुलांतून सदैव वाफ निघे. खोल्या कोंदट असत. मजूर त्याच मेजांवर, त्याच हातांनीं भाकरी खात. कित्येकांचे हात व कपडे रात्रीं घरीं गेल्यावर अंधारांत चमकत.

पांच वर्षें, दहा वर्षें असें काम केल्यावर एखाद्याची दाढ दुखूं लागे. ती काढली तरी जखम भरून येत नसे. मग जबडा सुजे, हिरड्यांतून व गालांतून पू वाहूं लागे, हाड मरून त्याच्या कपच्या निघत, आणि दुर्गंधि इतकी सुटे कीं घरच्या माणसांनाही जवळ बसवेना. शस्त्रवैद्यानें मेलेला जबडा काढून टाकणें एवढाच उपाय असे. तो करूनही, सामान्यतः असें सांगतात कीं, पांचांपैकीं एक रोगी दगावत असे. जो जगे त्याचा चेहरा ओळखूं येत नसे, आणि पुढें त्यास काम कोणी देत नसे. इंग्रज मजुरांनीं या रोगास 'फॉसी जॉ', म्हणजे फॉस्फरसचा जबडा, असें नांव दिलें.

व्हिएन्ना येथील लोरिन्सर नांवाच्या डॉक्टरानें १८४५ सालीं या रोगाचें पहिलें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याचें कारण फॉस्फरसची वाफ हेंच आहे असें स्पष्ट सांगितलें. दोन वर्षांनीं जर्मनींतील बिब्रा व गाइस्ट यांनीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे काडी बाजारांत येऊन पंधरा वर्षें होतात न होतात तोंच तिचा दोष वैद्यांना पूर्णपणें कळला होता.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, उपायही त्याच सुमारास हातीं आला. व्हिएन्नाच्याच आंटोन श्रोटर या रसायनशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, पांढरा फॉस्फरस हवा लागूं न देतां सुमारें २५० अंशांवर तापविला तर त्याचें तांबड्या फॉस्फरसमध्यें रूपांतर होतें. द्रव्य तेंच, परंतु अणूंची मांडणी बदललेली. चार अणूंचे ताणलेले मनोरे मोडून त्यांच्या लांब सांखळ्या बनलेल्या. हा तांबडा पदार्थ हवेंत आपोआप पेटत नाहीं, अंधारांत चमकत नाहीं, त्याची वाफ सहजासहजीं होत नाहीं, आणि हाडांस तो अपाय करीत नाहीं. स्वीडनमधील पाश या शास्त्रज्ञानें १८४४ सालीं ज्वालाग्राही द्रव्यांची फारकत करण्याची युक्ति सुचविली होती. कांहीं द्रव्यें काडीवर ठेवावीं, कांहीं पेटीच्या कडेवर लावावीं, म्हणजे दोहोंची भेट झाल्यावांचून आग होणार नाहीं. इंग्लंडांत आर्थर ऑल्ब्राइट यानें तांबडा फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत बसविली, आणि स्वीडनमधील योन्चोपिंग गांवच्या लुंडस्ट्रोम बंधूंनीं १८५५ च्या सुमारास सुरक्षित काडी बाजारांत आणली. आज आपल्या घरांत असलेली काडेपेटी ती हीच. हिच्या कडेच्या तपकिरी पट्ट्यांत तांबडा फॉस्फरस असतो, आणि गुलांत तो मुळींच नसतो.

मग येथेंच ही कथा संपावयास हवी होती. ती संपली नाहीं, याचें कारण बाजार. तांबडा फॉस्फरस महाग पडे. सुरक्षित काडीची पेटी थोड्या अधिक दरानें विकावी लागे. शिवाय ती पेटीवांचून पेटत नसे, आणि कोठेंही ओढून पेटविण्याची संवय गिऱ्हाइकांना सुटेना. ज्या इंग्रज कंपनीनें लुंडस्ट्रोम यांच्याकडून सुरक्षित काडीचे हक्क विकत घेतले, त्याच ब्रायंट अँड मे कंपनीच्या लंडनमधील बो येथील कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्याही वर्षानुवर्षें निघत राहिल्या. फिनलंडनें १८७२ सालीं व डेन्मार्कनें १८७४ सालीं पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांस बंदी केली. लहान राष्ट्रांनीं वाट दाखविली, परंतु मोठीं राष्ट्रें व्यापार बुडेल या भीतीनें स्वस्थ राहिलीं.

ही स्वस्थता मोडण्यास ज्यांनीं आरंभ केला त्या गरीब मुली होत्या. २३ जून १८८८ रोजीं लंडनच्या 'दि लिंक' या लहानशा साप्ताहिकांत ॲनी बेझंट बाईंचा 'लंडनमधील गोरी गुलामगिरी' या अर्थाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध झाला. बो येथील कारखान्यांतील मुलींशीं बोलून त्यांनीं तो लिहिला होता. उन्हाळ्यांत सकाळीं साडेसहापासून संध्याकाळीं सहापर्यंत काम. सोळा वर्षांच्या मुलीस आठवड्यास चार शिलिंग. पाय मळके असले अथवा मेजाखालीं कचरा राहिला तर तीन पेन्स दंड. आणि इकडे भागीदारांना मात्र शेंकडा वीसांहून अधिक नफा, असा हिशेब त्या लेखांत मांडला होता. लेखांतील मजकूर खोटा आहे असें लिहून देण्यास मुलींवर दडपण आलें. त्यांनीं तें मानलें नाहीं. एका मुलीस कामावरून काढतांच जुलैच्या आरंभीं सुमारें १,४०० स्त्रिया व मुली काम सोडून बाहेर पडल्या. त्यांची संघटना नव्हती, त्यांच्यापाशीं शिल्लक नव्हती, आणि संपाची चिठ्ठी बेझंटबाईंनींही पाठविली नव्हती. तो त्यांचा स्वतःचाच निश्चय होता. दोन आठवड्यांच्या आंत कंपनीस नमावें लागलें. दंड बंद झाले, काढलेल्या मुली परत आल्या, आणि जेवणासाठीं वेगळी खोली देण्याचें ठरलें. शेवटचें कलम सर्वांत क्षुल्लक दिसतें; परंतु फॉस्फरसच्या मेजावर भाकरी ठेवून खाणाऱ्यांच्या दृष्टीनें तेंच सर्वांत मोलाचें होतें.

या बेझंटबाई पुढें १८९३ सालीं हिंदुस्थानांत आल्या. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं एक आणि बेझंटबाईंनीं दुसरी अशा दोन होमरूल लीग उभ्या राहिल्या, आणि १९१७ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद बाईंकडे आलें. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यांत काडीच्या कारखान्यांतील मुलींचा हा लढा आधींच होऊन गेला होता, ही गोष्ट महाराष्ट्रांत फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

संपानें मजुरी व वागणूक सुधारली, पण फॉस्फरस तसाच राहिला. १८९१ सालीं साल्व्हेशन आर्मीनें लंडनमध्यें स्वतःचा कारखाना काढला. तेथें केवळ तांबडा फॉस्फरस वापरीत, हवा खेळती ठेवीत, आणि मजुरीही अधिक देत. असें करणें शक्य आहे हें त्या कारखान्यानें सिद्ध केलें. परंतु महाग काडी फारशी खपेना, आणि १९०१ सालीं तो बंद पडला. दरम्यान फॉस्फरसबाधेचा प्रत्येक रोगी सरकारास कळविण्याचें बंधन कायद्यानें आलें होतें. १८९८ सालीं असें उघडकीस आलें कीं ब्रायंट अँड मे कंपनीनें १७ रोगी कळविलेच नव्हते. खटला झाला, आणि दंड झाला तो सुमारें २५ पौंड. जबडा गमावलेल्या माणसाची किंमत कायद्याच्या तराजूंत त्या वेळीं किती होती, हें या आंकड्यावरून दिसतें.

अखेरचा अडथळा रसायनशास्त्रानें दूर केला. १८९८ सालीं सेव्हेन व काएन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं फॉस्फरस व गंधक यांचें एक संयुग काडीसाठीं वापरून दाखविलें. याची काडी कोठेंही ओढली तरी पेटे, आणि हाडांस अपाय करीत नसे. गिऱ्हाइकाची संवय मोडण्याचें कारणच उरलें नाहीं. १९०६ सालीं स्विट्झर्लंडच्या बर्न शहरीं परिषद भरली, व तींत पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनविणें, आणणें व विकणें बंद करण्याचा करार झाला. ब्रिटननें १९०८ सालीं कायदा केला, व १९१० च्या आरंभापासून तो अंमलांत आला. अमेरिकेनें १९१२ सालीं निराळीच युक्ति योजिली. बंदी न घालतां शंभर काड्यांवर दोन सेंट असा जबर कर बसविला, आणि त्या काड्या आपोआप नाहींशा झाल्या. त्याआधीं १९११ सालीं डायमंड मॅच कंपनीनें नव्या संयुगावरील आपला हक्क अध्यक्ष टाफ्ट यांच्या विनंतीवरून सर्वांस मोकळा केला होता, हेंही सांगितलें पाहिजे. लोरिन्सरच्या लेखापासून बर्नच्या करारापर्यंत ६१ वर्षें गेलीं. या अवधींत विज्ञानास जें ठाऊक नव्हतें असें फारच थोडें होतें. कमतरता होती ती इच्छेची.

हिंदुस्थानांत त्या काळीं काड्या मुख्यतः स्वीडन, ऑस्ट्रिया व जपान या देशांतून येत. १९१३ सालीं येथेंही पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांची आयात, उत्पादन व विक्री यांस बंदी करणारा कायदा झाला. म्हणून आपल्याकडे जेव्हां या धंद्याची खरी भरभराट झाली, तेव्हां ती सुरक्षित काडीच्या पायावर झाली, हें आपलें भाग्य होय. १९२२ सालीं परदेशी काड्यांवर मोठी जकात बसली. १९२३ सालीं स्वीडिश भांडवलाची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विम्को', स्थापन झाली, आणि कल्याणजवळ अंबरनाथ येथें तिचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास दक्षिणेंत शिवकाशी येथें हातानें काड्या करण्याचा धंदा रुजला. तेथील गुलांत पांढरा फॉस्फरस नव्हता. तरी क्लोरेट व गंधक यांची आग होती, आणि लहान मुलांचे हात होते. त्या मुलांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल येण्यास १९९६ साल उजाडलें. विष गेलें तरी स्वस्त मजुरीचा मोह त्याच्याबरोबर जात नाहीं, असेंच यावरून म्हणावें लागतें.

काडीच्या टोंकावरून हद्दपार झालेला पांढरा फॉस्फरस जगांतून मात्र नाहींसा झालेला नाहीं. खनिज फॉस्फेट, कोक व वाळू विजेच्या भट्टींत तापवून तो आजही काढतात, आणि शुद्ध फॉस्फरिक आम्ल, कीटकनाशकें व आग रोखणारीं द्रव्यें यांसाठीं तो लागतो. त्याचा प्रवास वितळून टांक्यांत भरून, वर पाण्याचा अथवा नत्रवायूचा थर देऊन होतो. हा थर फुटला कीं काय होतें तें ८ जुलै १९८६ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत मायामीसबर्ग येथें दिसलें. मालगाडी रुळांवरून घसरली, फॉस्फरसची टांकी पेटली, आणि विषारी पांढऱ्या ढगामुळें हजारों रहिवाशांना घरें सोडावीं लागलीं. १६ जुलै २००७ रोजीं युक्रेनमध्यें ल्विव्ह शहरानजीक कझाकस्तानहून पोलंडकडे जाणाऱ्या गाडीचा असाच अपघात झाला.

युद्धानेंही या पदार्थास सोडलें नाहीं. ज्या हँबुर्ग शहरांत तो प्रथम चमकला, त्याच शहरावर १९४३ च्या जुलैंत आगीचा वर्षाव झाला, आणि त्या आगलाव्या बाँबांत फॉस्फरसचेही बाँब होते. बाल्टिक समुद्राच्या तळाशीं अशा बाँबांचे अवशेष अद्याप पडून आहेत. जर्मनीच्या उझेडोम बेटाच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर कधीं कधीं पिवळसर खडे येतात. ते अंबर समजून लोक खिशांत टाकतात. खडा अंगाच्या ऊबेनें वाळतो आणि खिशांतच पेट घेतो. असे भाजल्याचे प्रकार तेथें पुन्हां पुन्हां घडले आहेत.

वैद्यकासही या जुन्या रोगाची आठवण नव्या रीतीनें झाली. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून, आणि हाडांत पसरलेल्या कर्करोगावर, बिस्फॉस्फोनेट नांवाचीं औषधें देतात. तीं उपयुक्त आहेत. परंतु तीं घेणाऱ्या कांहीं रोग्यांचे जबडे दाढ काढल्यानंतर भरून येत नाहींत, हाड उघडें पडतें, असें २००३ सालापासून डॉक्टरांच्या ध्यानांत येऊं लागलें. या प्रकाराचें काडीच्या कारखान्यांतील रोगाशीं असलेलें साम्य पाहून जुने लेख पुन्हां वाचले गेले. म्हणूनच अशीं औषधें सुरू करण्यापूर्वीं दांत तपासून घ्यावे, आणि दाढ काढतेवेळीं दंतवैद्यास त्या औषधाचें नांव सांगावें, असा सल्ला आज देण्यांत येतो.

गृहस्थाच्या घरांत पांढरा फॉस्फरस शिरण्याची एकच वाट आपल्या देशांत उरली होती, ती उंदीर मारण्याच्या मलमाची. पिवळा फॉस्फरस असलेलें हें मलम भारतांत कित्येक वर्षें नळ्यांतून विकलें गेलें, आणि मुलांनीं तें चाटून अथवा मोठ्यांनीं तें पोटांत घेऊन अनेक मृत्यु ओढवले. या विषाची फसवणूक विशेष आहे. प्रथम वांत्या होतात. मग एकदोन दिवस रोगी बरा दिसतो, घरचीं माणसें निश्चिंत होतात. आणि त्यानंतर यकृत निकामी होऊं लागतें. त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. म्हणून रोगी बरा वाटत असला तरी त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. विषावर दूध वा तूप पाजण्याची आपली जुनी समजूत येथें घातक ठरते, कारण स्निग्ध पदार्थांत फॉस्फरस विरघळतो आणि अधिकच शोषला जातो. त्याच कारणानें फॉस्फरसनें भाजलेल्या जागीं तेल अथवा मलम लावूं नये. ती जागा भरपूर पाण्यानें धुवावी, ओल्या फडक्यानें सतत झांकून ठेवावी, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती कोरडी पडूं देऊं नये. कारखान्यांतील मोठे नियमही तत्त्वतः हेच आहेत. पदार्थ पाण्याखालीं ठेवणें, वाफ माणसांपर्यंत पोंचूं न देणें, जेवणाची जागा वेगळी असणें, आणि दांत वेळोवेळीं तपासून घेणें.

यांतला एकही नियम नवा नाहीं. खेळती हवा, स्वच्छ हात, निराळी जेवणाची खोली, निरोगी दांत, हें सारें एकोणिसाव्या शतकांतील डॉक्टर सांगतच होते. तें कारखान्यांत उतरविण्यास बो येथील मुलींना काम सोडून रस्त्यावर यावें लागलें. कोणत्याही घातक रसायनाविषयीं आज वाद निघाला, आणि सुरक्षित पर्याय महाग पडतो असें कोणी म्हणूं लागलें, तर त्या महागाईचा हिशेब कोण करीत आहे, आणि स्वस्ताईची किंमत कोणाच्या देहांतून वसूल होत आहे, हे दोन प्रश्न सुशिक्षित नागरिकानें अवश्य विचारावे.